तालीमखान्यातले लोह नेमके कुठले?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका महिला बचत गटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या तळ्याकाठी आणि वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, शेतांमधल्या पाटांत पावसाळ्यानंतर तालीमखाना माजतो. गटाने त्याची पाने सुकवून भुकटी केली आणि एका प्रयोगशाळेतून तपासून घेतली. अहवालात लोह आणि मँगनीज भरपूर निघाले, शिवाय ‘अँटिऑक्सिडंट क्रिया उत्तम’ असा शेरा मिळाला. ही भुकटी रक्तवाढीसाठी म्हणून विकता येईल का, घरातल्या मुलाबाळांना देता येईल का, आणि अहवालातले आकडे पाकिटावर छापावेत का?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. स्वच्छ पाण्यातला तालीमखाना कोवळा असताना भाजी करून खायला हरकत नाही. या अहवालाच्या जोरावर भुकटी विकू नका आणि आकडे तर मुळीच छापू नका. अहवाल खोटा आहे असे मी म्हणत नाही. यंत्राला जे मोजायला दिले ते त्याने मोजले. पण नमुन्यातले लोह पानाच्या आतले होते की पानाला चिकटलेल्या गाळातले, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. डिचोलीसारख्या खाणपट्ट्यात हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा लागतो. वनस्पतींचे नमुने भट्टीत जाळायचे, राख आम्लात विरघळवायची आणि तिच्यात काय आहे ते मोजायचे, यात माझी सगळी नोकरी गेली. ‘अमुक वनस्पतीत तमुक खनिज विपुल’ हे वाक्य जितके छापून येते, तितका त्याला आधार असतोच असे नाही, हे सांगायचा अधिकार मला त्या कामामुळे आला आहे, असे समजा.

झाडाची ओळख पक्की करून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. तालीमखाना म्हणजेच कोळसुंदा, संस्कृतात कोकिलाक्ष किंवा इक्षुरक. शास्त्रीय नाव हायग्रोफिला ऑरिक्युलाटा, कुळ अडुळशाचे. ओलसर जागी कमरेपर्यंत वाढणारे, लवदार, लालसर खोडाचे झुडूप. पेराभोवती लांबट पानांचा झुबका आणि त्याच पेरावर सहा टोकदार पिवळसर काटे. फुले जांभळट निळी, दोन ओठांची. काटे पाहिले की ओळख चुकण्याची भीती उरत नाही. बाजारात मात्र एक गोंधळ आहे. नावाच्या साम्यामुळे लोक मखान्याचे गुण याला आणि याचे गुण मखान्याला लावतात. मखाना हा कुमुदाच्या कुळातल्या एका काटेरी पाणवनस्पतीच्या बियांचा फुलवलेला पदार्थ आहे. त्याचा या झाडाशी काही संबंध नाही.

परंपरेत या झाडाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या कामांना वापरले गेले. चरकाने शुक्रशोधन गणात इक्षुरक घेतला आहे. बिया वृष्य (शुक्रवर्धक) म्हणून, मूळ आणि पंचांग (सगळे झाड) मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारे म्हणून, सूज आणि वातरक्तावर (गाउटसारख्या सांध्यांच्या दुखण्यावर). केरळात कोकिलाक्षाचा कषाय, म्हणजे काढा, वातरक्तावर आजही सर्रास दिला जातो. आपल्याकडे घराघरांत माहीत आहेत त्या बिया: पाण्यात टाकल्या की बुळबुळीत फुगतात आणि डिंकाच्या लाडवात जातात. रक्तवाढीसाठी पाने खाण्याची रीत मुख्यतः बंगालची. तिथे याला कुलेखाडा म्हणतात आणि पानांचा रस किंवा भाजी पंडुरोग्याला (रक्त कमी असलेल्याला) देतात. पानांच्या अर्काने प्रयोगातल्या उंदरांचे हिमोग्लोबिन वाढल्याचे शोधनिबंधही प्रसिद्ध झाले आहेत. तेव्हा तुमच्या कल्पनेला बूड नाही असे नव्हे. पण बंगालच्या गाळपेराच्या जमिनीत वाढलेले पान आणि तुमच्या तळ्यातले पान यांच्यामधे गोव्याची माती उभी आहे.

ती माती कशी आहे पाहा. आपला जांभा मुळातच लोहाने भरलेला. त्यात डिचोली, सत्तरी, सांगे, केपे हा खाणींचा पट्टा. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. त्या ‘रिजेक्शन’चे डोंगर शिरगाव, मये, पिसुर्ले या बाजूला कोणीही पाहावेत. २०१२ साली खाणी थांबल्या, मधे काही चालल्या, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. आता लिलाव होऊन काही पट्टे पुन्हा सुरू झाले आहेत. डोंगर मात्र खाण चालू असो वा बंद, जागच्या जागी असतात, आणि दर पावसात त्यांच्यावरून उतरणारे तांबडे पाणी व्हाळातून (ओढ्यातून) शेतात, शेतातून तळ्यात येते. पाणी ओसरले की बारीक गाळ तळाशी बसतो. तालीमखान्याला नेमकी तीच जागा आवडते.

आता हिशेब करू. साध्या, निरोगी पानात सुक्या वजनाच्या किलोमागे साधारण ५० ते ३०० मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे १०० ग्रॅम सुक्या भुकटीत ५ ते ३०. खाणीकडच्या गाळात लोहाचे प्रमाण २० टक्के धरले, तर असा एक ग्रॅम गाळ १०० ग्रॅम भुकटीत गेला की एकट्या त्यानेच २०० मिलिग्रॅम लोहाची भर घातली. एक ग्रॅम म्हणजे शंभरातला एक भाग. लवदार पानावर एवढा गाळ बसलेला डोळ्यांना दिसतही नाही, हाताला फक्त किंचित खरखर लागते. नमुना आम्लात उकळला की पानातले आणि गाळातले लोह एक होऊन जाते, आणि यंत्र बेरीज सांगते. तुमच्या अहवालात किलोमागे हजाराच्या वर आकडा असेल, तर माझा पहिला संशय गाळावर जाईल.

गाळातले हे लोह हेमेटाइट आणि गोएथाइट या रूपांत असते. सोप्या भाषेत गंजाचेच भाऊबंद. पोटात त्यातले जवळजवळ काहीच शोषले जात नाही. म्हणजे पाकिटावर ‘१०० ग्रॅममधे २२० मिलिग्रॅम लोह’ छापले, तर त्यातले २०० खाणाऱ्याच्या एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने निघून जाणार.

याचा अर्थ पाण्यातले झाड जास्त लोह घेतच नाही असा नाही. घेते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जमीन पाण्याखाली गेली की तिच्यातला प्राणवायू काही दिवसांत संपतो. मग मातीतले जिवाणू श्वसनासाठी इतर पदार्थ वापरू लागतात: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह. एरवी दगडासारखे न विरघळणारे लोह (फेरिक) त्यात फेरस या विरघळणाऱ्या रूपात येते आणि पाण्यात उतरते. मँगनीज त्याच्याही आधी सुटते. म्हणून पाणथळ जागेच्या झाडांत या दोघांचे आकडे जोडीने वर दिसतात. भातशेतीवाल्यांना हे नवे नाही. निचरा नसलेल्या तांबड्या शेतात भाताच्या पानांवर तपकिरी ठिपके येतात, ते याच जादा लोहाने. पाण्यातल्या झाडांचा त्यावर एक उपाय असतो. त्यांच्या खोडातल्या पोकळ्यांतून हवा मुळापर्यंत उतरते, मुळे थोडा प्राणवायू बाहेर सोडतात, आणि विरघळलेले लोह मुळाच्या सालीबाहेरच गंजून बसते. तालीमखाना उपटून पाहा, मुळांवर तांबूस लेप दिसेल. तो झाडाने बाहेर अडवलेला माल आहे. मुळांची भुकटी करून तपासली तर लोहाचा आकडा डोळे पांढरे करील, पण ते लोह मुळात शिरलेलेच नाही. शिवाय असा लेप आर्सेनिकसारखे पदार्थ धरून ठेवतो. घरगुती वापरात मूळ घेऊ नका, असे मी सांगतो ते यासाठी.

तर पानातले लोह आणि गाळातले लोह वेगळे कसे ओळखायचे? यासाठी महागडे काही लागत नाही. आयुर्वेदिक द्रव्यांच्या तपासणीत एक जुनी कसोटी आहे: आम्लात न विरघळणारी राख. नमुना जाळून राख करायची, ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायची, गाळून उरलेला भाग पुन्हा जाळून वजन करायचे. उरते ती बहुतांशी वाळू आणि माती. हा आकडा चढा आला की पुढचे सगळे खनिजांचे आकडे संशयास्पद. भट्टी आणि तराजू असलेली कुठलीही प्रयोगशाळा हे करून देते, आणि तुमच्या अहवालात नेमकी हीच ओळ नाही.

दुसरी खूण अॅल्युमिनियम आणि टायटॅनियमची. जांभ्याच्या मातीत दोन्ही असतात, पण बहुतेक झाडे त्यांना आत घेत नाहीत. नमुन्यात लोहाबरोबर हेही चढले, तर माती आली असे समजावे. लोह चढले आणि हे दोघे खालीच राहिले, तर मात्र ते लोह झाडाने स्वतः उचललेले आहे असे म्हणायला जागा आहे, आणि मग तुमच्या हाती खरोखर काहीतरी लागले.

धुण्याबद्दलही सांगतो. नळाखाली झाडून धुतलेली पाने आणि तपासणीसाठी धुतलेली पाने यांत फरक असतो. आम्ही पाने तोडल्या तोडल्या साध्या पाण्याने, मग अगदी सौम्य साबणाच्या पाण्याने, मग दोन-तीनदा शुद्ध पाण्याने धुतो, आणि हे सगळे भराभर उरकतो. फार वेळ भिजवले तर पोटॅशियम पाण्यात उतरते आणि उलट दिशेने चूक होते. वाळवणही जमिनीवर, रस्त्याकडेला किंवा गच्चीवर उघड्यावर नको. मालवाहू ट्रक जाणाऱ्या रस्त्यालगत दोन दिवस पाने वाळवली, तर तळ्यात नसलेली धूळही भुकटीत येते. दळायला लोखंडी खल किंवा जुनी गिरणी वापरली असेल, तर तीही लोह देते. हे क्षुल्लक वाटेल, पण पीपीएममधे, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे, मोजताना क्षुल्लक काही नसते.

तुमच्या अहवालावर आणखी एक गोष्ट तपासा. आकडे ओल्या पानांचे आहेत की सुक्या? ताज्या पानात ८० ते ८५ टक्के पाणी असते, त्यामुळे तीच पाने सुकवली की प्रत्येक आकडा पाच ते सात पट होतो. सुक्या तालीमखान्याची ताज्या तांबड्या भाजीशी (लाल माठाशी) तुलना करून ‘सातपट लोह’ म्हणणारे तक्ते मी बरेच पाहिले आहेत. ती तुलना पाण्याशी आहे.

झाडाची स्वतःची म्हणता येतील अशी खनिजेही असतात. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस यांवर झाडाचा ताबा बराच असतो, त्यामुळे जागा बदलली तरी त्यांचे आकडे लोहाइतके उड्या मारत नाहीत. तालीमखान्याच्या राखेत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात आणि त्याच्या मूत्रल गुणाचे श्रेय बरेच जण त्यांना देतात. मला विचाराल तर खनिजांच्या दृष्टीने या झाडाबद्दल खात्रीने बोलण्यासारखी गोष्ट पोटॅशियम ही आहे, लोह नव्हे. पण ‘पोटॅशियमयुक्त’ म्हटल्यावर कोण विकत घेणार!

आता दुसऱ्या शेऱ्याकडे येऊ: ‘अँटिऑक्सिडंट क्रिया उत्तम’. ही चाचणी बहुधा डीपीपीएचची असणार, कारण ती सर्वांत स्वस्त आणि सोपी आहे. डीपीपीएच हा गडद जांभळ्या रंगाचा पदार्थ मिथेनॉलमधे विरघळवतात आणि त्यात वनस्पतीचा अर्क घालतात. अर्कातल्या पदार्थांनी त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरवर मोजायचे. निम्मा रंग उतरवायला किती अर्क लागला, तो आयसी-५० चा आकडा. तो जितका लहान, तितका अर्क जोरदार. कित्येक जण हा आकडा उलटा वाचतात आणि मोठा आकडा पाहून खूश होतात.

या चाचणीत नापास होणारे हिरवे पान शोधणे अवघड आहे. चहा, कोकमाची साल, लवंग, काजूच्या झाडाची साल, आंब्याची पाने, सगळे ‘उत्तम’ येतात. म्हणून नुसत्या शेऱ्याला अर्थ नाही. त्याच दिवशी, त्याच पद्धतीने क जीवनसत्त्व किंवा गॅलिक आम्ल तपासून त्याच्या शेजारी आकडा मांडला असेल तरच तुलना करता येते. अर्क कशात काढला तेही पाहिजे. प्रयोगशाळा मिथेनॉलमधे काढते, तुमच्या घरी काढा पाण्यात होतो. मिथेनॉलमधे जे उतरते त्यातले सगळे पाण्यात उतरत नाही, आणि मिथेनॉल तर विष. मोजमाप एका पदार्थाचे, पिणार दुसराच.

‘एकूण फिनॉल’ नावाचा आकडाही बहुधा असेल. तो फोलिन-सिओकाल्तो नावाच्या द्रावाने, निळ्या रंगावरून काढतात. हा द्राव फिनॉलशी लागतो तसा क जीवनसत्त्वाशी लागतो, काही साखरांशी लागतो, काही प्रथिनांशीही लागतो. त्यामुळे त्याला फिनॉलचा आकडा म्हणणे थोडे सैल बोलणे आहे. आणि फ्रॅप नावाची चाचणी केली असेल, तर तुमच्या बाबतीत विशेष सावध राहा. त्या चाचणीत फेरिक लोहाचे फेरस झाले की निळा रंग येतो, तोच मोजायचा असतो. ज्या अर्कात आधीच फेरस लोह आहे, तो काही न करताही निळा रंग देऊ शकतो. लोहाने भरलेल्या नमुन्याचा फ्रॅप चढा आला, तर नुसत्या अर्काचा आणि फक्त रंगद्रव्याचा असे वेगळे ताळे घेतले होते का, हे विचारा. गप्प बसले तर समजून जा.

आणि हे सगळे नीट झाले तरी नळीतली क्रिया शरीरात तशीच होत नाही. पानांतले फ्लेव्होनॉइड आतड्यात फार थोडे शोषले जातात, यकृत त्यांचे रूप बदलते, रक्तात पोचते ते काही वेगळेच. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा एक मोठा तक्ता वर्षानुवर्षे ठेवला होता. २०१२ मधे त्यांनी तो स्वतःच काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी थेट संबंध दिसत नव्हता आणि माल विकणारे त्यांचा गैरवापर करत होते. आपल्याकडची पाकिटे अजून त्याच भाषेत बोलतात.

इथे एक गंमत आहे, आणि ती तुमच्या पाकिटाला नेमकी लागू पडते. पानांतले जे फिनॉल आणि टॅनिन तुमचा अँटिऑक्सिडंटचा आकडा वाढवतात, तेच आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि त्याचे शोषण कमी करतात. जेवणावर लगेच चहा नको असे डॉक्टर पंडुरोग्याला सांगतात, ते याच कारणाने. म्हणजे पाकिटावरचे दोन दावे एकमेकांचे पाय ओढतात. मी तर म्हणेन, रक्तवाढीसाठी घेत असाल तर अँटिऑक्सिडंटचा आकडा कमी आला तर बरे.

चमचाभर भुकटीने होते काय, तेही मोजून पाहू. स्वच्छ पानांची, १०० ग्रॅमला ३० मिलिग्रॅम लोह असलेली चांगली भुकटी धरली. एक चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम. त्यात लोह आले ०.९ मिलिग्रॅम. वनस्पतीतले लोह अंगी लागते ते पाच ते दहा टक्के, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमही नाही. प्रौढ स्त्रीला आहारातून दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे मानक सांगते. पुरुषाला १९. चमचाभर भुकटी त्यात कुठे बसते ते तुम्हीच पाहा. त्याउलट त्याच पानांची १०० ग्रॅम ताजी भाजी केली तर सुका भाग १५ ग्रॅम धरून साडेचार मिलिग्रॅमपर्यंत लोह ताटात येते. भाजी भुकटीपेक्षा पाच पट देते, आणि पाकीट लागत नाही.

भाजीवर लिंबू पिळा. क जीवनसत्त्वाने वनस्पतीतल्या लोहाचे शोषण वाढते, हे नीट सिद्ध झालेले आहे. शिजताना नव्हे, ताटात वाढल्यावर पिळा. सोबत आवळा, पेरू असले तर आणखी चांगले. कोकमाचे आगळ आंबट असले तरी त्यात लिंबाइतके क जीवनसत्त्व नाही, म्हणून सोलकढी प्या पण लिंबाच्या जागी तिला धरू नका. कोवळे शेंडे फुलोऱ्याच्या आधी खुडावेत, काटे तोवर मऊ असतात. तांबड्या भाजीसारखेच कांदा, मिरची आणि वर ओले खोबरे, एवढ्यात होते.

कच्चा रस मात्र पिऊ नका. बंगालमधे पितात हे मला माहीत आहे. पण ज्या तळ्यात गुरे पाणी पितात, तिथल्या पाणवनस्पतींवर गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमींच्या सूक्ष्म गाठी चिकटलेल्या असू शकतात. त्या कच्च्या पानासोबत माणसाच्या पोटात जातात आणि धुण्याने सगळ्या निघत नाहीत. सांडपाण्याचे जंतू वेगळेच. चांगले शिजवले की दोन्ही भीती संपतात.

घरात कोणाला द्यायचे, हा तुमचा दुसरा प्रश्न. भाजी सगळ्यांना, नेहमीच्या भाजीसारखी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियममुळे नको, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थॅलेसेमियाच्या रुग्णांना लोह वाढवण्याच्या हेतूने काहीच देऊ नये, कारण त्यांच्या शरीरात लोह आधीच साचत असते. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली किंवा इतर बायकांचे १२ च्या खाली असेल, तर आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या हाच उपाय. भाजी त्यासोबत, त्याऐवजी नव्हे. शिवाय सगळा पंडुरोग लोहाच्या कमतरतेचा नसतो. बी-१२ कमी असेल, पाळीत रक्त फार जात असेल, मूळव्याध असेल, तर कारण शोधल्याशिवाय कुठलेही पान उपयोगाचे नाही.

जड धातूंचे बोलायचे राहिले. पाणथळीतली झाडे पाण्यातून नको ते उचलण्यात पटाईत असतात. जलब्राह्मी तर कॅडमियम आणि तांबे शोषून पाणी स्वच्छ करता येईल का, यासाठीही अभ्यासली गेली आहे. वनौषधींसाठी आयुष मंत्रालयाने घातलेल्या मर्यादा अशा आहेत: शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३, पारा १. तुमच्या अहवालात हे चारही नाहीत. लोह विकायचे ठरवले आणि शिसे तपासले नाही, तर तो अहवाल अर्धा आहे. मँगनीजचा चढा आकडा ही पाणथळीची किंवा खाणीच्या पाण्याची खूण असू शकते. त्याला ‘पोषक’ म्हणून मिरवू नका.

विक्रीबद्दल थोडक्यात. अन्न म्हणून विकायचे तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि पाकिटावर रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. औषध म्हणून विकायचे तर औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० खाली आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना लागतो. बचत गटाला पहिला रस्ता झेपेल. माझ्या मते तुम्ही भुकटीपेक्षा बियांकडे बघा. शेंगेच्या आत राहिल्याने बियांवर गाळ बसत नाही, त्या सुकवणे सोपे, टिकतात, लाडवांसाठी गिऱ्हाईक ठरलेले आहे आणि त्यांच्यासाठी लोहाची गोष्ट रचावी लागत नाही. फक्त काट्यांतून बी काढायला हातमोजे आणि चिकाटी लागते.

पानेच हवी असतील तर तळ्यातून आणू नका, लावा. जानेवारी-फेब्रुवारीत पिकलेले बी राखून ठेवा. पावसाच्या सुरुवातीला घराजवळ उथळ खड्डा करून त्यात जाड प्लास्टिक अंथरा, खाणीच्या ओघळापासून दूरच्या बागेतली माती आणि शेणखत भरा, आणि वर पुढे वीतभर पाणी राहील एवढी जागा ठेवा. पाणी विहिरीचे, व्हाळाचे नको. बी ओल्या मातीवर पेरा. रोपे हातभर झाली की पाणी वाढवा. एकदा खुडले की फुटवे येतात, फुलोरा धरेपर्यंत दोन-तीन खुडण्या मिळतात. लावलेल्या पानांचे लोह तळ्यातल्यापेक्षा कमी भरेल, यात नवल नाही.

नवी तपासणी करायची असेल तर एकाच जागेवरून, एकाच दिवशी तीन पिशव्या घ्या: एकीत न धुतलेली पाने, दुसरीत वर सांगितल्याप्रमाणे धुतलेली पाने, तिसरीत झाडाच्या बुडाशी असलेला मूठभर गाळ. तिन्हींवर जागा आणि तारीख लिहा. प्रयोगशाळेला सांगा की सुक्या वजनावर लोह, मँगनीज, अॅल्युमिनियम, पोटॅशियम आणि ते चार जड धातू हवेत, आम्लात न विरघळणारी राख हवी, आणि सोबत एखाद्या प्रमाणित पानांच्या भुकटीचा ताळा हवा. सफरचंदाच्या आणि पीचच्या पानांच्या अशा भुकट्या मिळतात, त्यांतले लोह आधीच ठाऊक असते, त्यावरून प्रयोगशाळेचा हात किती सरळ आहे ते कळते. अहवाल आला की पहिल्या आणि दुसऱ्या पिशवीतल्या लोहाची वजाबाकी करा. जेवढे उतरले तेवढे गाळाचे होते. उरलेल्यावर आपण पुन्हा बोलू.